मुर्ध्याची खाडी आणि सहा चमचे साखर

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की मुर्ध्याच्या खाडीची प्रकृती ठणठणीत आहे. तिच्या पाण्यात प्राणवायू पुरेसा असून मळ मर्यादेत आहे. तरी मासे, चिंबोऱ्या, निवट्या, कालवे आदी जलचरांनी कोणत्याही अफवांवर विश्वास ठेवू नये.

जलचरांचं वाक्य तेवढं माझं. बाकीचं सगळं एका सरकारी पत्रात टाइप केलेलं होतं आणि खाली गोल शिक्का होता. पत्र माझ्या नावानेच आलं होतं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचत होतो, आणि माझ्या शेजारी माझी बायको वाटीभर कालवं कचऱ्याच्या डब्यात ओतत होती, कारण त्यांना रॉकेलचा वास येत होता. एका हाताच्या अंतरावर दोन सत्यं होती. एकाला शिक्का होता आणि दुसऱ्याला वास.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही मुंबईतली चाळीतली खोली विकून शांती नगरला येऊन स्थिरावलो होतो. मी एका ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो, म्हणजे बाटल्या धुणारा, आम्ल पातळ करणारा आणि परीक्षानळ्या फोडणाऱ्या मुलांवर डोळे वटारणारा. पण आमच्या सेक्टरच्या तोंडाशी कालवं विकायला बसणाऱ्या मावशीने पहिल्याच भेटीत मला 'मास्तर' करून टाकलं, आणि मीही ती बढती विनम्रपणे स्वीकारली.

मावशी खाडीकाठच्या मुर्ध्याची. ओहोटीला, तिच्या भाषेत सुकतीला, ती गुडघाभर चिखलात उतरायची, खडकांना आणि जुन्या धक्क्याच्या खांबांना चिकटलेली कालवं फोडून आतला गर काढायची आणि दुपारपर्यंत पाटी घेऊन आमच्याकडे हजर व्हायची. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या पाटीवर चाललं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे लोक शाकाहारी, पण उरलेले निम्मे त्या पाटीवर असे तुटून पडायचे की आधीच्या निम्म्यांची भरपाई व्हायची.

मग वास सुरू झाला.

"मावशी, परवाच्या कालवांना वास होता हो," बायको एकदा खाली जाऊन म्हणाली. भांडायला नव्हे, सांगायला.

"किती नेली व्हती?"

"दोन वाट्या."

मावशीने दोन वाट्या मोजून तिच्या डब्यात टाकल्या.

"अहो, पण ह्यांनाही तोच वास येतोय."

मावशीने डबा नाकाशी नेला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवला. "मला आता कळतच न्हाय, वैनी," ती म्हणाली. "रोज त्यातच उभी असते ना. गिऱ्हाईक कमी झालं ते मात्र कळतं."

गिऱ्हाईक खरोखरच आटत होतं. बिल्डिंगमध्ये बोललं जात होतं की म्हातारी शिळा माल खपवते, हात धूत नाही, रॉकेलच्या डब्यात कालवं ठेवते. इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिच्या तोंडावर लोक हे म्हणत नव्हते. ते फक्त तिच्यासमोरून फोनवर बोलत निघून जात होते. मावशीला ते झोंबलं. एक दिवस तिने मला गाठलं.

"मास्तर, तुमी कालिजात पाणी तपासता ना? मंग मला एक कागद करून द्या. वास खाडीला हाय, माझ्या हाताला न्हाय, असं लिवून द्या. शिक्क्याचा कागद."

एवढंच तिला हवं होतं. पाणी साफ करा, असं ती म्हणाली नाही. तेवढी मोठी मागणी करायची तिला सवय नव्हती.

मी आधी वास कुठून येतो ते पाहायला खाडीला मिळणाऱ्या नाल्याच्या काठाने चालत गेलो. वरच्या अंगाला स्टीलची भांडी चकचकीत करणारे गाळे होते. ते आम्लाचं पाणी नाल्यात सोडत. त्यांच्या खाली गॅरेजं. ती काळं तेल सोडत. त्यांच्याही खाली एक जाड पाइप होता आणि त्यातून जे पडत होतं ते पाहून मी अतिशय संतापलो. हा कोणाचा निर्लज्जपणा म्हणून पाइपाचा माग काढत गेलो, तर आमच्याच सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पोचलो. आमच्या सेक्रेटरींना मी हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "नाला कुठे आपला आहे? आपण फक्त त्यात सोडतो." असा बिनतोड युक्तिवाद मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि नंतरही नाही.

मग खाडीचं पाणी तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात मी अर्ज केला. त्याचं उत्तर म्हणून ते शिक्क्याचं पत्र आलं. खाडीच्या पाण्याचा नमुना दर महिन्याला नियमितपणे घेतला जातो आणि तो नियमितपणे मर्यादेत आढळतो, असा त्याचा सारांश.

हा नमुना घेणारा महापुरुष कोण, हे पाहायला मी रजा टाकून धक्क्यावर जाऊन बसलो. धक्क्यावर एक चहाची टपरी होती आणि टपरीवर नाणं टाकून बोलायचा लाल फोन. टपरीवाला मावशीचा भाचा, चाळिशीचा गृहस्थ. अकराच्या सुमाराला जीप आली. त्यातून एक सडसडीत, नीटनेटका माणूस उतरला. त्याने धक्क्याच्या कडेला उभं राहून दोरीने बादली सोडली, पाणी वर घेतलं, बाटल्या भरल्या आणि त्यांवर इतक्या सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या, की मी दोन मिनिटं भांडण विसरलो.

"दर महिन्याला येतो," तो चहा पिताना म्हणाला. "पाऊस असो, ऊन असो. एक महिना चुकला नाही माझा."

"ओहोटीला कधी येता?"

"ओहोटीला कशाला? तेव्हा पाणी धक्क्यापासून लांब जातं. मधे नुसता चिखल. बादली बुडणार कशात?"

"मग भरती कधी आहे ते कसं कळतं?"

त्याने टपरीवाल्याकडे हात केला. टपरीवाला अभिमानाने म्हणाला, "निघायच्या आधी फोन करतात मला. पाणी आलं का, विचारतात. मी आलं म्हटलं की निघतात."

वाचकहो, कुठे काही कारस्थान असतं ना, तर मला बरं वाटलं असतं. माणसाला शत्रू असला की रक्तदाब ताब्यात राहतो. इथे शत्रूच नव्हता. एक बादली होती, एक दोरी होती आणि चिखलात भिजू नयेत असे बूट होते. भरतीला अख्खा समुद्र उठून आमच्या खाडीत येतो. काठोकाठ, हिरवट, खारट, स्वच्छ. तेवढ्याच वेळात हा सज्जन येणार, समुद्राचं पाणी बाटलीत भरणार आणि खाडी उत्तम आहे असं कळवणार. सत्यनारायणाच्या दिवशी बैठकीची खोली बघून हे घर बारा महिने असंच असतं, असा दाखला देण्यापैकी ते होतं. समुद्र मागे सरला की नाल्यातलं उरलंसुरलं सगळं कालवांच्या अंगावरून जाई. पण त्या वेळी तिथे फक्त मावशी असे, आणि मावशीकडे शिक्का नव्हता.

ठरलं. ओहोटीचा नमुना आम्ही घेणार. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांच्या ओळखीने एका प्रयोगशाळेने तपासून द्यायचं कबूल केलं. प्रश्न भांड्यांचा होता, कारण कॉलेजच्या बाटल्या बाहेर न्यायला परवानगी नव्हती. पण आमच्या घरात मावशीच्याच सहा काचेच्या बरण्या पडून होत्या. कोलंबीचं लोणचं भरून तिने वेळोवेळी पाठवलेल्या, घट्ट झाकणाच्या. मी त्या आम्लाने धुतल्या, शुद्ध पाण्याने खळबळल्या, पालथ्या घालून सुकवल्या. हे सगळं मी प्रचंड गूढ चेहऱ्याने केलं. बायकोने काय चाललंय विचारलं तर म्हणालो, "वेळ आल्यावर कळेल." माझी ही नाटकी सवय मला आयुष्यात अनेकदा नडली आहे, पण इतकी कधीच नाही.

बायकोला मी इतकंच सांगितलं की मावशी उद्या येईल, तिच्या सहा बरण्या तिला दे. आणि मावशीला गेटवर बजावलं, "आत बोट घालायचं नाही. नाल्याच्या तोंडाशी बरणी पाण्याखाली बुडवायची, काठोकाठ भरायची, झाकण पाण्यातच लावायचं. आतलं काही सांडता कामा नये. आणि लगेच बर्फात."

"बर्फाचं मला शिकवू नका, मास्तर," मावशी म्हणाली.

सगळं बिनचूक झालं. बरण्या बर्फात आल्या, मी त्या प्रयोगशाळेत पोचवल्या. आम्ही जी तपासणी करून घेत होतो ती साधी असते. पाण्यातला मळ जंतू खातात, खाताना प्राणवायू वापरतात. पाच दिवसांत त्यांनी किती प्राणवायू संपवला ते मोजायचं. जितका जास्त, तितकं पाणी घाण.

आकडा आला तो असा, की कागद वाचून मी जिन्यातच एक गिरकी घेतली. मर्यादा कुठल्या कुठे मागे राहिली होती. मी मावशीला घेतलं, साक्षीदार म्हणून बायकोला घेतलं आणि आम्ही त्या कार्यालयात नमुनेवाल्याच्या वरिष्ठ साहेबांसमोर जाऊन उभे राहिलो. मी छोटंसं भाषण केलं. त्यात 'जनतेच्या ताटात विष' असं एक वाक्य होतं. दाराशी नमुनेवाला हात बांधून उभा होता, तो खाली बघू लागला.

साहेबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. साहेब हुशार होते, हे मला मान्य केलंच पाहिजे.

"हे खाडीचं पाणी नाही," ते म्हणाले. "इतका आकडा गटाराच्या पाण्याचासुद्धा येत नाही. हा साखर कारखान्याच्या मळीचा आकडा आहे. बाटल्यांत काय घातलं होतंत?"

"काही नाही," मी म्हणालो. "माझ्या हाताने धुतल्या होत्या."

"पावडर व्हती की, मास्तर," मावशी म्हणाली. मला आठवण करून दिल्यासारखी. "मी एक कण सांडू दिला न्हाय."

"कसली पावडर?"

"पांढरी. प्रत्येक बरणीत चमचाभर. तुमीच म्हणालात ना, आतलं सांडू नको."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मावशीकडे. आणि माझ्या उजवीकडून, पदराच्या टोकाशी खेळत, बायको अगदी हळू म्हणाली, "अहो, ती साखर होती."

"साखर?"

"त्यांच्या बरण्या होत्या. लोणचं भरून आलेल्या. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करायचं? मी आपली चमचा-चमचा घातली."

साहेब हसले. आधी सभ्यपणे, मग खुर्चीला टेकून, मग चष्मा काढून. त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मीही असाच हसलो असतो. जगातल्या जंतूंना साखरेइतकी मेजवानी दुसरी नाही, आणि आमच्या घरातून त्यांना सहा ताटं वाढून गेली होती. शेजारच्या टेबलांवरची माणसं उठून गोष्ट ऐकायला आली. साहेबांनी ती पहिल्यापासून सांगितली. फक्त नमुनेवाला हसला नाही.

"बरं," साहेब डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या समाधानासाठी पुढच्या महिन्याचा नमुना मी स्वतः येऊन घेतो. तुमच्यासमोर. मग फाइल बंद करू."

पण मला आजही संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. सहा चमचे साखरेने आमची तक्रार खोटी ठरली. ठीक आहे, नमुना बाद, हे शास्त्र मला कळतं. पण नाला? तो तर होता तिथेच वाहत होता. वर्षानुवर्षं पिंपंच्या पिंपं आम्ल आणि तेल ओतणाऱ्यांना कोणी विचारलं नाही की बाबा, काय घातलंस. एका बाईने रीत म्हणून चमचाभर साखर घातली, तर तिची गोष्ट कार्यालयभर झाली. आणि कार्यालयातून ती शांती नगरात आली. कशी आली देवाला माहीत, पण आठवड्याच्या आत आमचा वॉचमन मावशीला विचारत होता, "मौसी, आज मीठा माल लायी है क्या?" लोक हसले. मावशीही थोडी हसली. दुसऱ्या दिवसापासून तिची जागा रिकामी राहिली.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर घातली असती का?" मी मुर्ध्याला गेलो.

मावशी ओटीवर जाळं दुरुस्त करत बसली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "वैनीला बोलला न्हाय ना काय? तिनं रीत पाळली. चहा घ्या."

"साहेब येणार आहेत पुढच्या महिन्यात," मी म्हणालो. "पण येणार भरतीलाच. पुन्हा समुद्र भरून नेतील, आणि फाइल बंद."

मावशीने सुई थांबवली. बोटांवर तिथी मोजली. "पंचमीला सकाळी धाच्या पुढं खाडी सुकी असते," ती म्हणाली. मग आत वळून तिने टपरीवाल्या भाच्याला हाक मारली. "पंचमीला फोन आला ना, तर पाणी आलंय म्हणून सांगायचं."

"आत्या, ते माझं नेहमीचं गिऱ्हाईक हाय," भाचा कुरकुरला. "खोटं कसं बोलू?"

"इतकी वर्षं खरं बोललास, त्याचं काय झालं ते बघतेच हाय," मावशी म्हणाली.

मी एक जबाबदार नागरिक आहे आणि शासकीय कर्मचाऱ्याची दिशाभूल करण्याच्या मी विरोधात आहे, असं मी तिथे म्हणायला हवं होतं. मी दुसरा कप चहा मागितला.

आता फोन पंचमीलाच यावा, हे आमच्या हातात नव्हतं. पण नमुना ठरलेल्या आठवड्यातच घ्यायचा असे, आणि त्या आठवड्यात भाचा रोज सांगत राहिला, "आज नको साहेब, उद्या बघा." पंचमीला सव्वानऊला फोन वाजला. भाच्याने डोळे मिटून सांगितलं, "आलंय. या."

दहा वाजून गेल्यावर जीप आली. साहेब उतरले, पांढरा शर्ट, चकचकीत बूट. त्यांच्यामागे नमुनेवाला, बादली, दोरी आणि बाटल्यांची टोपली घेऊन. दोघे धक्क्याच्या कडेपर्यंत चालत आले आणि थांबले. समोर लांबच लांब चिखल, आणि त्याच्या मधोमध एक काळा ओहोळ, अंगावर पिवळट फेस घेऊन सावकाश सरकत होता. नमुनेवाल्याने सवयीने बादली सोडली. ती चिखलावर 'थप' करून बसली.

"पाणी कुठे गेलं?" साहेब म्हणाले.

"रोज जातं, साहेब," मावशी म्हणाली. "दिवसातून दोनदा."

तिने पदर खोचला, नमुनेवाल्याच्या हातातून सरकारी बाटल्यांची टोपली घेतली आणि चिखलात उतरली. आम्ही सगळे वरून बघत राहिलो. मांडीपर्यंत चिखल, पण पाय असे उचलत होती जणू घरातल्या घरात वावरते आहे. नाल्याच्या तोंडाशी वाकून तिने एकेक बाटली बुडवली, बुडबुडा राहू दिला नाही, झाकण पाण्यातच लावलं. वर आली तेव्हा बाटल्यांतलं पाणी कडक चहासारखं होतं. साहेबांनी एक बाटली घेतली, हुंगली आणि हात लांब केला. ह्या वेळी कोणी हसलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्या नमुन्याचा निकाल मर्यादेबाहेर आला. मावशीला तिचा कागद मिळाला. खाडीचं पाणी दूषित असल्याचं त्यात स्पष्ट लिहिलेलं, खाली शिक्का. तिने तो प्लास्टिकमध्ये घालून पाटीशेजारी ठेवला आणि आठवडाभर गिऱ्हाइकांना दाखवला. लोकांनी तो लक्षपूर्वक वाचला. मावशी स्वच्छ आहे हे त्यांना पटलं. खाडी घाण आहे हेही पटलं, आता तर सरकारनेच सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी मावशीला आदराने नमस्कार केला आणि कालवं घेणं कायमचं बंद केलं. गाळ्यांना नोटिसा गेल्या, एका गाळ्याने आपला पाइप थोडा पुढे सरकवला. आमच्या सोसायटीने एक ठराव केला, ज्यात 'यथावकाश' हा शब्द दोनदा होता. "नाव राहिलं, मास्तर. धंदा गेला," एवढं बोलून मावशी उत्तनहून सुके बोंबील आणून विकायला लागली. ज्यांनी खाडी मारली ते सगळे आपापल्या जागी होते. जागा बदलली ती तिने. हे मी किती वेळा किती जणांना सांगितलं असेल, आणि दर वेळी सांगताना माझा आवाज चढतो.

पण त्या पंचमीला, धक्क्यावर, हे कोणालाच माहीत नव्हतं. साहेब रुमालाने हात पुसत होते. नमुनेवाला खाली बसून नेहमीसारख्या सुरेख अक्षरात चिठ्ठ्या लिहीत होता. ठिकाण लिहिलं, वार लिहिला, वेळ लिहिली. मग त्याचं पेन थांबलं. त्याने त्या काळ्या ओहोळाकडे पाहिलं, हातातल्या बाटलीकडे पाहिलं, आणि साहेब शेजारी उभे आहेत हे विसरून मोठ्याने म्हणाला,

"म्हणजे इतकी वर्षं मी समुद्रच तपासत होतो की काय."